खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी आणि वाचकाची सोय



पालकसभा झाली की एक प्रश्न हमखास येतो. पोराला पुढे कॉम्प्युटरमध्ये घालायचंय, तर काय शिकवावं? आपण पटकन उत्तर देतो, कोडिंग. पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोडिंग न करणारेही बरेच लोक असतात. त्यातलं एक काम फार छान आहे, आणि आपल्या गावाकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

मोबाइलचं एखादं ॲप तयार झालं की ते बाजारात आणण्याआधी दहा-पाच साध्या माणसांना बोलावतात. त्यांच्या हातात मोबाइल देतात, एक काम सांगतात आणि गप्प बसून बघतात. बोट कुठं थांबलं, कपाळाला आठी कुठं पडली, चुकीचं बटण कुठं दाबलं, सगळं टिपून घेतात. याला उपयोगिता चाचणी म्हणतात. इंग्रजी नावानं यूजेबिलिटी टेस्टिंग. आणि कोणतं बटण कुठं असावं, ते दाबल्यावर काय दिसावं, चुकलं तर परत कसं यावं, हे ठरवण्याचं काम म्हणजे इंटरॅक्शन डिझाइन. या दोन्ही कामांचा पाया एकच. माणूस अडला तर आधी वस्तू तपासायची, माणसाला नावं ठेवायची नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कॉम्प्युटर आल्यानंतरचं. तर आज मी तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्यांनी कॉम्प्युटर पाहिला नाही. ते १८९२ साली वारले. पण वाचणाऱ्याला अडू द्यायचं नाही, हे काम त्यांच्या छापखान्यानं इतकं मन लावून केलं की भारतभर त्याचं नाव झालं. ते म्हणजे निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी.

दोन रुपये पगार

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतला. घरची गरिबी. शाळा फारशी नशिबी आली नाही. आपल्या चौथी-पाचवीतल्या मुलाएवढं वय असताना, साधारण दहाव्या वर्षी, ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार महिन्याला दोन रुपये. काम काय? तर खिळे घासायचे.

खिळा म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर. आपल्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आधी पोलादाच्या बारीक कांडीच्या टोकावर एक अक्षर कोरायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. ती कांडी कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची. तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो, ती झाली मातृका. मातृका साच्यात बसवायची आणि शिसं, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. थंड झाला की खिळा तयार. पण साच्यातून निघालेल्या खिळ्याला खाली शेपूट असतं, कडेला खडबडीतपणा असतो. शेपूट मोडायचं आणि कडा घासून गुळगुळीत करायच्या. हे काम बारक्या पोरांकडे असायचं.

काम वरवर बिनडोक वाटतं, पण तसं नाही. एक खिळा किंचित जाड राहिला तर पुढचं अक्षर दूर जातं. एक किंचित उंच राहिला तर कागदावर तेवढंच अक्षर काळंकुट्ट उमटतं आणि शेजारचं फिकट. ओळ वाकडी दिसते, वाचणाऱ्याची नजर अडखळते. दिवसभर हाच उद्योग करणाऱ्या मुलाच्या बोटांना कोणत्या अक्षराचा कोणता भाग नाजूक आहे हे कळत गेलं असणार. पुस्तकं वाचून नाही, बोटांनी अक्षरं शिकणारा हा मुलगा.

मिशनच्या छापखान्याचं काम थॉमस ग्रॅहम बघत. देवनागरीचे सुबक खिळे पाडण्यासाठी त्यांचं नाव होतं. त्यांच्या हाताखाली जावजी धंद्याची एकेक पायरी शिकले. पुढे त्यांनी टाइम्सच्या छापखान्यात काम केलं, मग इंदुप्रकाशच्या, मग ओरिएंटल छापखान्यात. तिथं प्रत्येक ठिकाणी हातात तेच खिळे, पण कामाची पद्धत वेगळी.

देवनागरीची तीन मजली अडचण

जावजींनी काय केलं हे समजायचं असेल तर आधी देवनागरी छापणं किती अवघड होतं ते बघायला हवं. आपण पहिलीच्या मुलाला बाराखडी शिकवतो, तेव्हा त्याला जी अडचण येते, जवळजवळ तीच छापखान्याला आली होती.

इंग्रजी अक्षरं एकापुढे एक, एका ओळीत बसतात. लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं, वर अंक आणि विरामचिन्हं. आपली लिपी तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षर. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. खालच्या मजल्यावर उकार आणि पाय मोडायची खूण. त्यात जोडाक्षरं. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, ह्म, ष्ट, प्रत्येकाचं रूप निराळं. 'मूर्तींना' हा साधा शब्द घ्या. त्यातल्या एका 'र्तीं'वर वेलांटी आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. हे सगळं शिशाच्या तुकड्यांत बसवायचं म्हणजे काहीशे वेगवेगळे खिळे लागतात.

हे खिळे जुळवणारा जो माणूस, त्याला जुळारी म्हणतात. समोर मोठाल्या पेट्या, पेटीत खण, प्रत्येक खणात एक अक्षर. जुळारी एकेक खिळा उचलतो आणि ओळ बांधतो. खिळे जितके जास्त, तितका त्याचा हात लांब फिरणार, तितका वेळ जाणार आणि तितक्या चुका होणार.

मग सोपा उपाय काय? खिळे कमी करा! जोडाक्षरं पाय मोडून छापा, वरच्या खुणा सुट्ट्या ठेवा आणि कशातरी डोक्यावर बसवा. छापखान्याचं काम सोपं होतं. पण मग मात्रा अक्षरापासून लांब जाऊन बसते, रफार कुणाचा ते कळत नाही, आणि छपाईत सुट्टी किंवा बाहेर झुकलेली बारीक खूण मोडून पडते. खूण पडली की काय होतं, ते आपल्याला वर्गात रोज दिसतं. 'मोर'ची मात्रा गेली की 'मार' होतो. 'शेत'ची गेली की 'शत'. 'आंबा'वरचा ठिपका गेला की 'आबा'. वाचणारा मुलगा अडतो आणि आपण म्हणतो, याला वाचता येत नाही.

आधीच्या लोकांनी काय केलं

जावजींच्या आधी मराठी छपाई सुरू झालेली होती. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. मुंबईत अमेरिकन मिशननं छपाई चालवली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. शिळाछाप म्हणजे दगडावर हातानं लिहून काढलेल्या मजकुराची छपाई. अक्षर हाताचं असल्यामुळे खिळ्यांची कटकट नाही. पण प्रत्येक पानासाठी पुन्हा सगळं लिहायला हवं.

गणपत कृष्णाजींबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. छापाच्या शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पुस्तक हातात घ्यायला कचरायची. त्यांनी शाईत तूप वापरलं. म्हणजे बघा, वापरणारा माणूस का मागे सरतोय हे आधी शोधलं आणि मग वस्तू बदलली. लोकांना मागासलेले म्हणत ते बसले नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. सलग ओळ. ज्याला पोथी वाचायची सवय तोच वाचणार. छापील पुस्तकात शब्द सुटे झाले आणि वाचन पुराणिकबुवांच्या हातून सामान्य माणसाच्या हातात यायला लागलं. नुसती जागा सोडल्यानं किती माणसं वाचती झाली असतील!

निर्णयसागर

१८६४ साली, पंचविशीत, जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना सुरू केला. त्यांना साथ मिळाली राणोजी रावजी आरू या मित्राची. राणोजी हे अक्षरांचे ठसे कोरणारे कसबी कारागीर. पोलादाच्या टोकावर उलटा 'क्ष' कोरायचा आणि तो कागदावर सुलटा, डौलदार उमटला पाहिजे. हे काम नजरेचं आणि हाताचं. दोघांनी मिळून जी अक्षरं तयार केली ती पुढे निर्णयसागरची अक्षरं म्हणून ओळखली गेली. गोल, भरीव, काना ताठ, मात्रा जागच्या जागी.

१८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. मुंबईत काळबादेवीजवळ कोलभाट गल्लीत हा छापखाना होता. निर्णयसागर पंचांग घरोघर गेलं. त्यामागून मराठी आणि संस्कृत पुस्तकांची रांग लागली.

त्यांच्या संस्कृत पुस्तकांकडे नीट बघितलं की एक गोष्ट दिसते. संस्कृतमध्ये जोडाक्षरांचा सुकाळ. सोय बघायची तर पाय मोडून काम भागवता आलं असतं. निर्णयसागरनं तसं केलं नाही. वाचकाच्या डोळ्याला सवय होती ती पूर्ण जोडाक्षरं त्यांनी कोरली, ओतली आणि जुळवली. म्हणजे ठसे कोरणाऱ्याचं काम वाढलं, ओतकाम वाढलं, जुळाऱ्याच्या पेटीतले खण वाढले. वाढला नाही तो फक्त वाचणाऱ्याचा त्रास.

तपासणीही तशीच. छपाईआधी कच्ची पानं काढून शास्त्री-पंडितांकडून शुद्ध करून घेतली जायची. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेचं संपादन पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी केलं. निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक झाला. काशीपासून दक्षिणेपर्यंत आणि परदेशातही संस्कृतचे अभ्यासक ही पुस्तकं वापरू लागले. ज्यांनी ही अक्षरं घडवली ते स्वतः फारसे शिकलेले नव्हते, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

आपल्या शिक्षकांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे 'बालबोध' मासिक. मुलांसाठी १८८१ मध्ये हे मासिक सुरू झालं. संपादक होते विनायक कोंडदेव ओक आणि छपाई निर्णयसागरची. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, असं सगळं त्यात मुलांना समजेल अशा भाषेत यायचं. ओकांनी ते १९१४ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालवलं. जो मुलगा दहाव्या वर्षी खिळे घासत होता, त्याच्या छापखान्यातून दहा वर्षांच्या मुलांसाठी मासिक बाहेर पडत होतं.

१८९२ साली जावजी वारले. मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना पुढे चालवला. निर्णयसागरचे खिळे इतर छापखानेही विकत घेत राहिले, त्यामुळे ही अक्षरं इतरांच्या पुस्तकांतूनही लोकांपर्यंत गेली. आपला हट्टा-वसमतचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारदरबारी उर्दू चालायची. त्या काळात कितीतरी घरांत मराठी अक्षर टिकलं ते मुंबई-पुण्याकडून आलेल्या छापील पोथ्यांमुळे. ती अक्षरं वाचायला सुबक नसती तर किती जणांनी पोथी मिटून ठेवली असती, याचा विचार करून बघा.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. १९७३-७५ च्या सुमाराचा काळ. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट हे दोघं कॉम्प्युटरवर मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम तयार करत होते. तो कुणासाठी होता माहितीये? बोस्टनच्या जिन अँड कंपनी या शाळेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकासाठी! म्हणजे तिथंही गोष्ट छापील पुस्तकापासूनच सुरू झाली.

त्यांनी आधी प्रोग्राम लिहिला नाही. तिथले संपादक कसं काम करतात ते बघितलं. ते कागद कात्रीनं कापायचे आणि डिंकानं दुसरीकडे चिकटवायचे. मग कोऱ्या पडद्यासमोर एका माणसाला बसवून विचारलं की इथं तुम्हाला काम करायचं असेल तर कसं कराल. त्यातून तयार झालं ते कट, कॉपी आणि पेस्ट. आपण निकालपत्रक भरताना रोज वापरतो तेच.

टेस्लर यांनी पुढे एक विचार मांडला, तो जावजींच्या छापखान्याला तंतोतंत लागू पडतो. कोणत्याही कामातली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे नाहीशी करता येत नाही. ती फक्त इकडून तिकडे सरकवता येते. मग ती कुणाच्या डोक्यावर ठेवायची, हा प्रश्न उरतो. बनवणाऱ्यानं एक आठवडा जास्त राबावं, की वापरणाऱ्या लाखो माणसांनी प्रत्येकी एक मिनिट अडावं? टेस्लर यांचा कौल वापरणाऱ्याच्या बाजूनं होता. देवनागरीची गुंतागुंत जावजींनाही संपवता आली नाही. त्यांच्या छापखान्यानं ती आपल्या अंगावर घेतली.

याउलट कसं होतं तेही बघा. १९५३ साली लखनौला लिपी सुधारणेसाठी परिषद भरली. तिथं ठरलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडेच द्यायची. यंत्राला सोपं जाणार होतं. पण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ते रुचलं नाही आणि काही वर्षांत निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच परिषदेतला दुसरा एक बदल मात्र टिकला. जुना 'ख' वाचताना 'रव' वाटायचा. म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडले. आजही आपण तोच 'ख' गिरवायला देतो. एक बदल यंत्रासाठी होता, दुसरा वाचणाऱ्यासाठी. कोणता राहिला ते तुमच्यासमोर आहे.

आपल्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हाही हीच गंमत झाली. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. तुम्ही हे अनुभवलं असेलच. कारण प्रत्येकानं आपल्या सोयीनं इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे भरले होते. पुढे युनिकोड आलं. आता आपण फक्त त, मग पायमोड, मग र असं टाइप करतो आणि 'त्र' कसा दिसला पाहिजे ते फॉन्ट आणि प्रोग्राम ठरवतात. गुंतागुंत पुन्हा बनवणाऱ्याकडे गेली. विंडोजवर मराठी-हिंदीसाठी येणारा 'मंगल' हा फॉन्ट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी मराठीच. मराठी कवी, सुलेखनकार आणि मुंबई आयआयटीच्या डिझाइन विभागातले प्राध्यापक. २००८ साली ते गेले. पोलादाची कांडी जाऊन पडदा आला, पण रफार कुठं बसवायचा हा प्रश्न त्यांच्याहीपुढे होताच.

आपल्या वर्गात याचं काय?

मला वाटतं, जावजींचं चरित्र फक्त गरिबीतून वर आलेल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगू नये. ते तर आहेच. पण आपल्यासाठी त्यात कामाचा धडा दुसरा आहे.

आपणही रोज काहीतरी बनवतो. फळ्यावरचं अक्षर, स्वाध्यायपत्रिका, तक्ते, प्रश्न. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली पत्रिका मुलांना दिली की अनुस्वार उडालेले असतात. पहिलीतलं लेकरू 'चिच' वाचतं आणि गोंधळतं. त्याचं वाचन बरोबरच असतं, कागदावर तेच आलेलं असतं. पण आपल्या नोंदीत त्याच्यापुढे 'वाचनात मागे' असं पडतं. घरी आई विचारते, बाई काय म्हणाल्या? आणि सहा वर्षांचं पोर स्वतःला कच्चं समजायला लागतं. ही गोष्ट लहान नाही. एकदा बसलेला हा शिक्का पुसायला वर्ष-वर्ष जातं.

दुसरं उदाहरण. पुस्तकातला 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचे आणि मोबाइलवरचे वेगळे. महाराष्ट्र शासनानं २००९ साली निर्णय काढून ही मराठी वळणं ठरवून दिली. तरी बऱ्याच मोबाइलवर हिंदी वळणाची अक्षरं येतात. आईच्या मोबाइलवर धडा वाचणारं मूल तिथं थबकलं तर रागावू नका, दोन्ही रूपं शेजारी-शेजारी काढून दाखवा.

वर्गात करून बघता येतील अशा काही गोष्टी देते :

१. पत्रिकेची चाचणी. स्वाध्यायपत्रिका पूर्ण वर्गाला देण्याआधी वेगवेगळ्या पातळीच्या तीन मुलांना द्या. जवळ बसा, पण काही सांगू नका. नुसतं बघा. तिघंही एकाच जागी अडले तर तो प्रश्न किंवा ते अक्षर बदला. फार तर दहा मिनिटं लागतात.

२. मागच्या बाकावरून फळा. आज शेवटच्या बाकावर बसून आपलंच फळ्यावरचं लिखाण वाचा. मात्रा दिसतात का? रफार कुणावर आहे ते कळतं का?

३. खिळा बनवू या. तिसरी-चौथीच्या मुलांना अर्धा कापलेला बटाटा आणि बोथट चमचा द्या. अक्षर उलटं कोरून हळदीच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायला सांगा. आपल्या वसमत भागात हळदीला काय तोटा! आधी 'प' करू द्या, मग 'पि', मग 'र्पि'. वेलांटी मोडते, रफार पुसतो. मग जावजी आणि राणोजींची गोष्ट सांगा. मुलांना ती आपोआप समजते. कोरायचं काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा.

४. घरच्या मोबाइलची चाचणी. पाचवीच्या पुढच्या मुलांना सांगा, आजी-आजोबांना मोबाइलवर एक फोटो शोधायला सांगा आणि ते कुठं अडतात ते लिहून आणा. अट एकच, त्यांना हसायचं नाही आणि त्यांच्या हातातून मोबाइल घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी याद्या वाचा. बहुतेक आजी एकाच जागी अडलेल्या निघतात. मग मुलांना विचारा, हे बटण तुम्ही बनवलं असतं तर कसं बनवलं असतं?

पालकांसाठी एवढंच सांगते. ज्या मुलाला चित्रं काढायला आवडतं, वस्तू उघडून बघायला आवडतं आणि दुसऱ्याची अडचण ज्याच्या लवकर लक्षात येते, त्याच्यासाठी डिझाइनचं शिक्षण ही चांगली वाट आहे. मुंबई आयआयटीत आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत हे शिकवतात. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड नावाची प्रवेश परीक्षा असते आणि बारावीच्या कोणत्याही शाखेच्या मुलांना ती देता येते. म्हणजे आर्ट्सला गेलेल्या मुलालाही हा दरवाजा बंद नाही.

पुढच्या वेळी घरातली जुनी पोथी किंवा संस्कृतचं पुस्तक काढाल तेव्हा पहिलं पान बघा. खाली 'निर्णयसागर' असं नाव दिसलं तर मुलांना जवळ बोलवा. एखादं जोडाक्षर बोटानं दाखवा आणि विचारा, हे शिशातून कसं काढलं असेल? बटाट्यावर 'र्पि' कोरून बघितलेलं मूल याचं उत्तर नक्की देईल.